औत आणि यंत्र यांची सांगड

लहान ट्रॅक्टरला कोणते औत जोडावे, हा प्रश्न वरवर केवळ खरेदीचा वाटतो. पण एके काळी तो माणसाच्या जिवाशी निगडित होता. पहिल्या महायुद्धात अन्नाची चणचण भासू लागली, तेव्हा १९१७ साली आयर्लंडच्या शेतकी खात्याने ट्रॅक्टरची नांगरट सुधारण्याचे काम हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाकडे सोपविले. त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ खडकात अडकला, की पुढची चाके उचलली जात आणि यंत्र उलटून चालकावर कोसळे. यंत्र जड करावे, तर माती दबे.

फर्ग्युसनने निराळी वाट धरली. तीन सांध्यांनी त्याने औत ट्रॅक्टरशी एकजीव केले आणि तेलाच्या दाबाने ते उचलण्याची सोय केली. औताचा भार मागच्या चाकांवर येऊ लागला; वरचा दांडा ट्रॅक्टरला उलटू देईना. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे असे पाच लाखांहून अधिक लहान ट्रॅक्टर तयार झाले.

हलक्या मातीत जो नांगर सहज चालतो, तोच भारी रानात त्याच ट्रॅक्टरला पेलत नाही. म्हणून आधी माती पाहावी, मग सांगड, आणि शेवटी औताचा आकार.