वरच्या कातडीचा कस

आमच्या वाईतल्या दुकानात अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, कसाचा दगड अजून आहे. काळाकुळीत, तळहातात मावणारा, एका कडेने झिजून बसका झालेला. हळदीची पट्टी झाली की ओझर्डे, बावधन, पसरणीकडची माणसं मोड घेऊन यायची: जुन्या पाटल्या, तुटकी ठुशी, कधी एखादी पुतळी. पहिला प्रश्न ठरलेला. "अण्णा, सोनं कसं हाय?"

अण्णा आधी दगडाला तेलाचं बोट लावून तो पुसून घेत. मग डाग घासून गव्हाच्या दाण्याएवढी रेघ ओढत आणि तिच्या शेजारी, कस माहीत असलेल्या सळईची दुसरी. तांब्याची भेसळ असेल तर रेघ लालसर दिसते, चांदीची असेल तर हिरवट पांढुरकी. त्यानंतर काचेच्या कांडीने दोन्ही रेघांवर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल. पितळेची रेघ हिरवट फेस देऊन बघता बघता नाहीशी होते, चौदा कॅरेटची फिकी पडते, बावीसची जागची हलत नाही. पण वीस आणि बावीस यांतला फरक साधं तेजाब सांगत नाही. त्याला मिठाच्या आम्लाची जोड द्यावी लागते, किंवा मग नजर लागते. अण्णा दिव्याखाली कस बघत नसत; गिऱ्हाइकाला सरळ "सकाळी या" म्हणत. संध्याकाळी मेणाचा गोळा दगडावर दाबून दिवसभराच्या रेघांचं सोनं उचलून घ्यायचं, हे माझं काम. ते मेण जाळून वर्षाकाठी जे निघे, त्याला आई फार हसायची.

ही विद्या जुनी, आणि तिच्यातली लबाडीही तितकीच जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कसोटीची रेघ कशी असावी हे सांगितलंय, आणि नखात गेरू लपवून रेघेचा रंग बदलणाऱ्यालाही तिथेच पकडलंय. अबुल फजलने अकबराच्या टांकसाळीचं वर्णन करताना सोन्याची शुद्धता बारा बानांत मोजायची हिंदुस्थानी रीत नोंदवली आहे. आमच्या शेजारी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. त्यांच्या काळी एकेका टांकसाळीचा रुपया वेगळा. म्हणून पैसा हात बदलताना आधी पारख, मग बट्टा. सराफाचं पोट त्या बट्ट्यावर चालायचं.

दगडाची अडचण एकच. तो वरची कातडी वाचतो. आत चांदीची कांब आणि वर सोन्याचा जाड पत्रा असेल तर दगड बावीसच म्हणणार. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, पाटलीच्या सांध्याला हलक्या कसाचा डाक असतो. म्हणून अण्णा कानशीने खोल घासून दुसरी रेघ ओढायचे. बायकांना ते आवडत नसे, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. न विकता घरी न्यायच्या पाटलीला चर कोण पाडू देईल?

पोटातलं सोनं खरं कळतं ते आगीत, आणि त्या आगीचे जाणते आमच्याच मुलखातले. विटा, खानापूर, आटपाडी, शिवाय खटाव-माण: पावसाने पाठ फिरवलेल्या या पट्ट्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी घराबाहेर पडली. केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत बहुतेक सराफ बाजारात मराठी बोलणारा गलाईवाला सापडतो. त्यांची रीत ऐकणाऱ्याला उलटी वाटते: सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालायची! सोनं जास्त असलं की ते आतल्या चांदीला झाकून ठेवतं, तेजाब आत शिरत नाही. म्हणून मुशीत वितळवून सोनं एक भाग, चांदी तीन भाग असं करायचं, पत्रा ठोकायचा आणि तेजाबात उकळायचा. तांबडा धूर उठतो (तो छातीत गेला की माणूस महिनाभर खोकतो), चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी राहते. ते सोनं. तापवल्यावर ते पिवळं होतं. द्रावणात तांब्याचे पत्रे सोडले की चांदीही परत बसते. त्यात वाया जातं ते तेजाब आणि माणसाची फुप्फुसं.

मधे 1963 चा सोने नियंत्रणाचा काळ येऊन गेला. चौदा कॅरेटवरचे दागिने घडवायला बंदी! पुष्कळ सोनारांनी ऐरण विकली. ती अट 1966 मध्ये उठली. 1968 चा कायदा मात्र 1990 पर्यंत चालला. आमच्या दगडावर सर्वांत फिक्या रेघा त्या तीन वर्षांत उमटल्या.

2000 साली हॉलमार्क आला, आणि जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आता दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. क्ष-किरणांचं यंत्र काही सेकंदांत टक्केवारी सांगतं. माझ्या मुलाला त्याचं भारी कौतुक; पण ते किरणही सोन्याच्या वरच्या थरातूनच उत्तर आणतात. जाड मुलाम्यापुढे यंत्र आणि अण्णांचा दगड सारखेच आंधळे. म्हणून पक्क्या निकालाला हॉलमार्क केंद्रात अजूनही आगच लागते. नमुन्याचा कपटा तोलून, चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या वाटीत, हजार अंशांच्या वर तापवतात. शिसं तांब्याला घेऊन वाटीत मुरतं आणि वर मणी उरतो. तो लाटून तेजाबात उकळायचा आणि उरलेलं सोनं पुन्हा तोलायचं. गलाईवाला मुशीत करतो तेच, फक्त तराजू फार बारीक.