अस्मानी, सुलतानी आणि डोंबिवलीचा हिरवा पाऊस

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात हिरवट पाऊस पडला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, दोन-चार दिवस चर्चा झाली आणि मग लोकलच्या डब्यात त्यावर विनोद सुरू झाले. सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, याच पट्ट्यातला रस्ता गुलाबी झाला आणि पाहणीसाठी खुद्द मुख्यमंत्री आले. हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर संपादकाने 'प्रतीक फार ढोबळ झाले' म्हणून बाजूला काढले असते.

मी या गावात राहतो आणि डिस्टोपियन साहित्य आवडीने वाचतो. त्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: 'खिडकी उघडली की जे दिसतं, ते पुस्तकात कशाला वाचायचं?' प्रश्न थट्टेचा असला तरी उत्तर सोपे नाही. ते शोधताना आपल्याच भाषेतला एक जुना शब्दजोड मला उपयोगी पडला. या लेखात त्याचा माग काढायचा आहे.

आधी 'डिस्टोपिया' या शब्दाविषयी. टॉमस मोरचे 'युटोपिया' १५१६ सालचे. त्याचा उलटा शब्द राजकारणात गाजला तो १८६८ साली. ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना जॉन स्टुअर्ट मिलने सरकारी धोरणाच्या पाठीराख्यांना तो लावला. मुद्दा असा होता की, युटोपिया इतका चांगला असतो की तो प्रत्यक्षात येऊ शकत नाही. यांची योजना मात्र इतकी वाईट आहे की ती प्रत्यक्षात येऊ शकत नाही. हा मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. विसाव्या शतकाने त्याचे म्हणणे खोटे ठरवले. झाम्यातिनचे 'वुई', हक्सलेचे 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) आणि बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या ऑर्वेलचे 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) ही पुस्तके वाईट योजना किती सहज अमलात येतात हेच सांगतात.

मराठी वाचकाला मात्र वाईट काळाचे वर्णन नवे नाही. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कलियुगाचे स्वरूप सांगतात. राजे लुटारू होतील, पाऊस वेळेवर पडणार नाही, नाती सैल होतील. आजही नाक्यावर काही वाईट घडले की आपण 'कलियुग आहे' म्हणतो आणि पुढे चालू लागतो. कलियुगाच्या कल्पनेत वर्णन आहे, भय आहे, पण आरोपी नाही. काळाचे चक्र फिरते तेव्हा हे असे व्हायचेच. म्हणून कलियुगाला मी डिस्टोपिया म्हणत नाही.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी 'अस्मानी सुलतानी' या प्रकरणात दुष्काळ आणि राज्यकर्त्यांचा जुलूम यांचे चित्र उभे केले. शीर्षकातच दोन संकटे शेजारी-शेजारी ठेवली आहेत: एक आभाळातून येणारे, दुसरे सत्तेकडून येणारे. ज्याला संकटांची अशी वर्गवारी करता येते, त्याने कलियुगाच्या गुळगुळीत समजुतीला पहिला तडा दिलेला असतो. आणि याच रामदासांनी 'आनंदवनभुवनी'मध्ये सुखी राज्याचे स्वप्नही पाहिले. दुःस्वप्न आणि स्वप्न एकाच लेखणीतून आले, यात आश्चर्य नाही. चांगले कसे असावे याची कल्पना ज्याच्याकडे आहे, त्यालाच वाईटाची मापे घेता येतात.

दोनशे वर्षांनी महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) लिहिला. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. फुल्यांचे पुस्तक ललित नाही, पण त्याची दिशा महत्त्वाची आहे. शेतकऱ्याच्या दैन्याला नशीब न म्हणता ते सारावाढ, कचेरीतले कारकून, भटशाही आणि डोळेझाक करणारे गोरे अधिकारी असा एकेक दुवा दाखवत जातात. लोक ज्याला अस्मानी समजत होते, त्यातले सुलतानी किती आहे हे त्यांनी मोजून दाखवले. चांगला डिस्टोपिया नेमके हेच काम कल्पनेच्या साधनांनी करतो, असे माझे म्हणणे आहे.

विसाव्या शतकातले मराठी साहित्य या नजरेने पाहिले तर काही गोष्टी स्पष्ट होतात. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ साली आली, स्वातंत्र्याच्या वर्षात. सगळीकडे आनंदवनभुवनाची भाषा चालू असताना या कवीने यंत्रयुगातल्या महानगरात माणसाचा उंदीर झालेला दाखवला. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले. पण वाचकांना खरा धक्का बसला तो आपण ज्याला 'नोकरी-धंदा' म्हणतो त्याचे रूप असे दिसू शकते, याचा.

नाटकाने आणखी वेगळी वाट काढली. पाश्चात्त्य डिस्टोपिया बहुधा भविष्यात घडतो. विजय तेंडुलकरांनी तो पेशवाईतल्या पुण्यात घडवला. 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आले. रात्री घराबाहेर पडायला परवाना, परवाना नसेल तर कोठडी, आणि हे सगळे कीर्तनाच्या सुरात, नाचत-गात. वाद झाला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. पण नाटकाचा विषय एक माणूस नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी एक हिंस्र हस्तक तयार करते, काम झाले की त्याला जमावाच्या हवाली करते आणि स्वतः नामानिराळी राहते, ही त्यातली यंत्रणा होती. अडीच वर्षांनी, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली. म्हणून तेंडुलकर द्रष्टे ठरतात असे मी म्हणणार नाही. डिस्टोपियाला भविष्यवाणी म्हणणे हा त्याचा अपमान आहे. ज्योतिषाचे काम वेगळे. नाटकाने एवढेच केले की परवान्याचे राज्य कसे चालते हे पाहण्याची सवय प्रेक्षकाच्या डोळ्याला आधीच लावून ठेवली.

विज्ञानकथेने तिसरी वाट धरली. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' कथेत मुंबईवर बर्फ पडतो. कथेचा गाभा मात्र बर्फात नाही. एक शास्त्रज्ञ आधीपासून इशारा देत असतो आणि बर्फ दारात येईपर्यंत कोणी तो मनावर घेत नाही, हा तो गाभा. संकट अस्मानी, दुर्लक्ष सुलतानी. सुबोध जावडेकरांची 'आकांत' ही कादंबरी तर भोपाळच्या वायुकांडावरच आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्याची जुळणी आधीच होत आली होती. विषारी रसायनाच्या टाकीचे शीतकरण बंद होते. गळती झाली तर वायू जाळून टाकणारा मनोरा चालू स्थितीत नव्हता. ही कुणा राक्षसाची कृत्ये नव्हेत. खर्च वाचवणारे, दुरुस्ती पुढे ढकलणारे, कागदावर सही करून मोकळे होणारे हे छोटे-छोटे निर्णय आहेत.

येथे मी पुन्हा डोंबिवलीत येतो. २६ मे २०१६ रोजी येथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, दुसऱ्या कारखान्यात झाला. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्याआधी, २०१४ च्या अखेरीस, शेजारच्या उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायने ओतली गेली आणि शेकडो लोकांना श्वास लागून रुग्णालयात न्यावे लागले. या घटनांबद्दल आमच्याकडे कोणत्या भाषेत बोलले जाते? 'वेळ आली होती', 'नशीब बलवत्तर म्हणून वाचलो', 'आज वास कमी आहे'. अगदी शुद्ध अस्मानी भाषा. जणू वास हा ऋतू आहे.

डिस्टोपियाचे खरे प्रयोजन मला या भाषेपाशी सापडते. त्याने भीती घालावी अशी गरज नाही. भीती आमच्याकडे पुरेशी आहे. त्याने सवय मोडावी. रोजच्या वासाला एका कल्पित नगरात नेऊन ठेवले की तो पुन्हा वास म्हणून नाकाला जाणवतो, आणि 'हे कोणी ठरवले?' हा प्रश्न सुचतो.

आता दुसरी बाजू. डिस्टोपियात खोटही असते. फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या मूकपटात कामगारांच्या रांगा मान खाली घालून एका लयीत चालतात. ठाण्यापर्यंत पहिली गाडी १८५३ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत. तेव्हापासून या पट्ट्याचे जगणे रुळांना बांधलेले आहे. सकाळची फास्ट लोकल पाहणाऱ्याला 'मेट्रोपोलिस' आठवेल. पण लांगच्या कॅमेऱ्याला डब्यातले भजन दिसले नसते, मटार सोलणाऱ्या बायका दिसल्या नसत्या, दारात लटकणाऱ्याला आत ओढून घेणारा अनोळखी हात दिसला नसता. डिस्टोपिया व्यवस्था नेमकी दाखवतो, माणूस मात्र पुष्कळदा सपाट करतो. दुसरा धोका अलीकडचा आहे. मोबाइलवर एकामागून एक भयाण मालिका पाहून 'आपल्याकडे निदान एवढे तरी नाही' असे समाधान मिळत असेल, तर सवय मोडण्याऐवजी ती पक्कीच होते. म्हणून अशी कोणतीही कलाकृती संपली की मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारतो: यातला सुलतान मला दिसला का, आणि त्याच्या कारभारात माझ्यासारख्याची सही कुठे आहे?

ऑर्वेलच्या विन्स्टनचा पहिला गुन्हा आठवतो का? तो बॉम्ब टाकत नाही. तो एक वही आणतो आणि वर तारीख घालून लिहू लागतो. तीही तारीख खरी असेल याची त्याला खात्री नसते, कारण त्याच्या राज्यात सत्तेने भूतकाळही ताब्यात घेतलेला असतो.

ते पुन्हा वाचल्यावर गेल्या पावसाळ्यात मी एक वही केली. रात्री वास आला की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि किती वेळ टिकला एवढेच लिहायचे. आमच्या सोसायटीत यावरून माझी यथेच्छ थट्टा झाली. 'काका, वासाचं पंचांग काढताय का?' असे एका मुलाने विचारले. उपमा मला आवडली, पण ती नेमकी उलटी होती. पंचांगात ग्रहांचा दोष असतो. दिवाळीच्या आधी तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या नातवाला दम्याचा त्रास आहे. त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. आम्ही वही उघडली आणि टेबलाशी बसून तारखा जुळवू लागलो.