दिव्याची तिसरी तार

सिल्वासाला दमणगंगेकाठचा पावसाळा मोठा. भिंती ओल्या, पाय ओले. अशा वेळी धातूच्या दिव्याला हात लावणे कितपत निर्धोक?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे १८८२ साली लागले. आरंभीच्या काळात तारेवरचे आवरण आणि पायाखालची कोरडी जमीन एवढाच काय तो भरवसा. याच रीतीला पुढे शून्य वर्ग म्हणू लागले. आवरण झिजले की दिव्याच्या सांगाड्यात वीज उतरे.

पहिल्या वर्गाने सांगाड्याला तिसरी तार जोडून ती जमिनीत नेली. दोष उद्भवताच प्रवाह त्या वाटेने वेगाने जातो व फ्यूज वितळतो. दुसऱ्या वर्गाने दुहेरी आवरण घेतले; चौकोनात चौकोन ही त्याची खूण. तिसऱ्याने विजेचा दाबच ५० व्होल्टच्या आत ठेवला.

१९५४ साली मुक्त झालेले सिल्वासा १९६१ मध्ये भारतात विलीन झाले, तेव्हा देशात १९५६ चे वीज नियम लागू होते. धातूच्या सांगाड्याला अर्थिंग त्यांनी सामान्यतः आवश्यक ठरविले होते. पुढे येथे कारखाने आले, दिवे वाढले. परंतु पहिल्या वर्गाच्या दिव्याची तिसरी तार जो निरुपयोगी समजून कापतो, तो त्या दिव्याला पुन्हा शून्य वर्गात लोटतो. उजेड तेवढाच पडतो. संरक्षण मात्र गेलेले असते.