पूर्ण संचाचा ध्यास : अमेरिकेतील जुनी बेसबॉल कार्डे

बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली छोटी कार्डे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून निघत आली आहेत. सुरुवातीच्या काळात ती तंबाखूच्या पाकिटात आणि पुढे बबलगमच्या वेष्टनात गिऱ्हाईक टिकविण्यासाठी घातली जात. जुन्या पिढीच्या संग्राहकांना सुट्या कार्डापेक्षा पूर्ण संचाचे मोल अधिक. त्यांनी नावाजलेल्या तीन संचांमध्ये मात्र एखादी जागा अशी आहे, की ती भरता भरता आयुष्य सरावे.

टी-२०६ (१९०९-११)

अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेट व तंबाखूच्या पाकिटांतून निघालेल्या या संचात ५२४ रंगीत कार्डे मानली जातात. पिट्सबर्गचा विख्यात खेळाडू होनस वॅगनर याने आपले चित्र वापरण्यास हरकत घेतल्याने त्याच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये, अशी त्याची इच्छा होती, असे सांगितले जाते; मोबदल्याचा प्रश्न होता, असेही मत आहे. आज त्याची साठच्या आसपास कार्डे ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले.

गाउडी (१९३३)

बॉस्टनच्या गाउडी कंपनीने बबलगमसोबत काढलेल्या या संचात २४० क्रमांक आहेत. बेब रूथ या लोकप्रिय खेळाडूची त्यात चार कार्डे आहेत. तथापि १०६ क्रमांकाचे कार्ड १९३३ च्या पाकिटांत नव्हतेच. ते मिळेल या आशेने मुले गम विकत घेत राहावीत, हा त्यामागील हेतू असल्याचे मानले जाते. तक्रारीची पत्रे आल्यावर कंपनीने १९३४ मध्ये नॅप लाजोईचे कार्ड छापून तक्रारदारांना टपालाने पाठविले.

टॉप्स (१९५२)

ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीच्या या संचात ४०७ कार्डे आहेत. पुढे संघाचे चिन्ह व खेळाडूची स्वाक्षरी, मागे त्याची आकडेवारी, ही मांडणी साय बर्जर यांनी वुडी गेलमन यांच्या साहाय्याने केली आणि ती पुढील कार्डांसाठी नमुना ठरली. ३११ ते ४०७ क्रमांकांची अखेरची मालिका हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि पडून राहिली. उरलेली खोकी १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडविल्याचे बर्जर यांनीच सांगितले होते. या मालिकेतील पहिलेच कार्ड मिकी मँटलचे. मालिकेतील बहुतेक कार्डांपेक्षा ते अधिक संख्येने छापले गेले होते; तरीही मँटलच्या लोकप्रियतेमुळे त्याचीच मागणी सर्वाधिक. त्याची एक उत्तम प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेली.

किमतीची दुसरी बाजू

कार्डाची किंमत आता त्याच्या कडा व कोपऱ्यांवर ठरते. तज्ज्ञ संस्था कार्ड तपासून त्यास दहापैकी गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या आवरणात बंद करतात. त्यातून कडा कापून कार्ड नवे भासविण्याचा मोह वाढला. सर्वात प्रसिद्ध वॅगनर कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली एका नामांकित लिलावदाराने २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दिली.

या पार्श्वभूमीवर जेफरसन बर्डिक (१९००-१९६३) यांचे काम उठून दिसते. ‘टी-२०६’ हे नाव त्यांच्याच सूचीतून आले. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे. संधिवाताने जर्जर झालेल्या बर्डिक यांनी आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दिला आणि अखेरच्या वर्षांत तेथे बसून तो वह्यांमध्ये डिंकाने चिकटविला. त्यात तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे आहेत. डिंक लागलेल्या कार्डाचे मोल बाजारात घटते. बर्डिक यांच्या संग्रहात मात्र वॅगनरचे कार्डही आहे, आणि ते विक्रीसाठी नाही.