सातबारा नाही, म्हणून नुकसानही नाही?

अतिवृष्टी झाली की तलाठी बांधावर येतो. पंचनामा होतो. 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेले असेल, तर सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात मदत जमा होते. 2022 ते 2026 साठीचा केंद्राचा निकष कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 असा आहे. मर्यादा 2 हेक्टर. राज्य सरकार कधीमधी त्यात भर घालते. ही रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढलीच पाहिजे. पण त्याच वावरात सोयाबीन सोंगून, कापूस वेचून जी बाई घर चालवते, तिची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहिली जाते?

मनीषनगरातल्या फ्लॅटांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या, नव्या इमारतींवर विटा वाहणाऱ्या अशा बाया आम्हाला रोज भेटतात. बहुतेक जणी खेड्यातून आलेल्या, भूमिहीन. पीक त्यांचेही बुडाले होते. फक्त कागद त्यांचा नव्हता.

2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी 11.87 कोटी आणि शेतमजूर 14.43 कोटी होते. म्हणजे शेतीवर जगणाऱ्यांतली मोठी संख्या पीक-पंचनाम्याच्या बाहेरच आहे. उपजीविका गेलेल्या कुटुंबासाठी निकषांत तात्पुरती मदत आहे, हे खरे. पण पंचनामा मोजतो हेक्टर, हात नाही.

ही विभागणी जुनी आहे. 1876-78 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केली. मजुराला खडी फोडण्याचे काम आणि जमीनधारकाला बी-बैलांसाठी तगाई, अशी ती व्यवस्था. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने मजुराची बाजू मोठी केली. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. पण ही हमी कोरड्या दुष्काळाच्या अनुभवातून आली. ओल्या दुष्काळात वावरात पाणी साचलेले असते आणि मातीकामही बंद पडते. तेव्हा मजुराने कुठे जायचे?

आणि आमच्या लोकांकडे सातबारा का नाही? वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती 1958 मध्ये. जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 मध्ये देशभर सत्याग्रह झाला, तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरीही गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे आजही कागदावर ‘अतिक्रमक’च आहेत. पीक डोळ्यांसमोर सडते, पण मदतीच्या यादीत नाव येत नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही शेतकरी आणि मजुरात भांडण लावता. मुळीच नाही. 10 जानेवारी 1938 रोजी खोतीविरुद्ध मुंबईत कायदेमंडळावर जो मोर्चा बाबासाहेबांनी नेला, त्यात जातीपलीकडचे कष्टकरी एकत्र होते. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची आणि शेती सामूहिक असावी अशी मांडणी केली, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत म्हणून.

ती मांडणी दूर राहिली. निदान एवढे तरी करा : पंचनाम्यात गावातील शेतमजूर कुटुंबांची नोंद घ्या, बुडालेल्या दिवसांची मजुरी थेट त्यांच्या खात्यात द्या, आणि गायरान कसणाऱ्याला कसणारा म्हणून मदत द्या. पाऊस सातबारा बघून पडत नाही. मदत तरी तो बघून का द्यायची?

जय भीम.