सातबारा नसलेले पाणी : वाढवणच्या विरोधाचा इतिहास

कळमनुरीहून समुद्र फार दूर आहे. आम्हा मराठवाड्यातल्या वाचकांना तो भेटतो, तो बहुधा कोकणातल्या कथाकादंबऱ्यांतून. पाण्यामुळे गाव उठणे म्हणजे काय, हे मात्र आमच्या परिसराला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाखाली जी जमीन गेली, तिला गट क्रमांक होते, सातबारे होते. म्हणून तिच्या मोबदल्यावरून निदान भांडता तरी येत होते. 'विस्थापित' या शब्दाचा अर्थ आम्ही असा जमिनीवर शिकलो. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराच्या विरोधाचा सुमारे तीन दशकांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हा अर्थ तोकडा पडतो आहे असे वाटू लागले. ज्याचा उतारा कोणत्याच तलाठ्याकडे मिळत नाही, ते गेले तर माणूस विस्थापित होतो की नाही, हा त्या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

वाढवण हे डहाणू तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. मांगेला, कोळी, भंडारी अशा समाजांच्या वस्तीचा हा पट्टा. मागे चिकूच्या वाड्या (डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले), त्यांच्याही मागे वारल्यांचे पाडे. चिंचणी-वाढवण परिसरात घरोघरी चालणारे, दागिन्यांचे साचे घडवण्याचे डायमेकिंग. आणि समोर खडकाळ किनारा. ओहोटीला उघडे पडणारे हे खडक माशांच्या प्रजननाला उपयोगी पडतात. पापलेट, घोळ, शेवंड यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या समुद्राला मच्छीमार 'गोल्डन बेल्ट' म्हणतात.

डहाणूला कायद्याचे संरक्षण मिळाले ते औष्णिक वीज केंद्रावरून झालेल्या वादानंतर. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि येथील उद्योगांवर मर्यादा घातल्या. अधिसूचना पाळली जात नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानुसार त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण' स्थापन झाले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. मराठी वाचकांना त्यांची ओळख गांधीविचाराचे भाष्यकार आणि दादा धर्माधिकारींचे पुत्र म्हणूनही आहे.

प्राधिकरणाची पहिली मोठी कसोटी लगेचच लागली. १९९७ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने पी अँड ओ या खासगी कंपनीच्या साहाय्याने वाढवणला बंदर उभारण्याचे ठरवले. किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळत असल्याने मोठ्या जहाजांसाठी जागा सोयीची होती. ज्या खोलीमुळे मासेमारांना हा समुद्र मोलाचा होता, तीच खोली जहाजवाल्यांनाही हवी होती! गावे उभी राहिली, प्राधिकरणापुढे बाजू मांडली गेली, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये निर्णय झाला : १९९१ च्या अधिसूचनेनुसार येथे बंदर अनुज्ञेय नाही. कंपनी परत गेली. एका शांत किनाऱ्याने मोठ्या भांडवलाला कायदेशीर मार्गाने थोपवले, अशी उदाहरणे आपल्याकडे मोजकीच आहेत.

पुढचा अध्याय २०१५ चा. त्या वर्षी जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड यांच्यात करार होऊन बंदर परत आले. आता प्रवर्तक खासगी नव्हते, सरकारीच होते; भागीदारी ७४ आणि २६ टक्के. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. डिसेंबर २०२० मध्ये मच्छीमारांनी किनारपट्टीवर बंद पाळला. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा याच काळात मुंबईपर्यंत पोहोचली.

दरम्यान एक बदल रस्त्यावर न दिसणाऱ्या जागी झाला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये बंदरे आणि त्यांची कामे यांना 'बिगर-औद्योगिक' वर्गात टाकले. डहाणूचे सगळे संरक्षण उद्योगांवरील मर्यादांवर उभे होते. समुद्र तोच, खडक तेच, बंदर तर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे. बदलला तो शब्द. भाषेच्या अभ्यासकांनी या घटनेपाशी जरा थांबावे. शब्दार्थाचा वाद आपण वर्गात घालतो, तेव्हा त्यावर कोणाची चूल अवलंबून नसते. येथे होती.

३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, अटी घालून, ना-हरकत दिली. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्येच निवर्तले होते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांच्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्राने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. ज्या कामासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा, त्याच्या आरंभालाही आपली भाषा 'भूमिपूजन'च म्हणते.

शासनाची बाजू पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. देशाचा व्यापार वाढतो आहे, मोठी जहाजे परदेशी बंदरांत माल उतरवतात, रोजगार हवा आहे. पण त्या बाजूचा एक आवडता युक्तिवाद असा, की बंदर समुद्रात भराव टाकून उभे राहणार असल्याने त्यासाठी गाव उठवावे लागणार नाही. जमीन लागेल ती रस्ते आणि रेल्वेच्या जोडणीसाठी. हे वाक्य खोटे नाही, पण ते महसुली दप्तराच्या भाषेतले आहे. डोल जाळ्यांचे खुंट कोणी कोठे रोवायचे, कोणत्या भरतीला कोणी जायचे, याची व्यवस्था मच्छीमार गावांनी पिढ्यान्‌पिढ्या रूढीने सांभाळली. ती तोंडी राहिली. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बाईचा हक्क तर त्या रूढीतही पुसटच. जे लिहिले गेले नाही ते 'बाधित' या रकान्यात कसे भरायचे?

हा पेच एकट्या वाढवणचा नाही. गोव्यात झुआरीच्या मुखाजवळ नावशी येथे खासगी मरिनाचा प्रस्ताव आला, तेव्हा तेथील मच्छीमारांनाही हेच विचारावे लागले : नौकाविहाराच्या धक्क्यासाठी पाणी देता येते, तर ते आधी कोणाचे होते?

या संदर्भात गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. याच डहाणू-तलासरी भागातील वारल्यांच्या १९४५ च्या उठावाचे ते कथन. वेठबिगारी हा शब्द आपल्या वाचनात रक्तामांसाचा झाला, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. त्या उठावाला गवताच्या कापणीची मजुरी आणि सावकाराची जमीन, असे बोट ठेवून दाखवता येणारे विषय होते. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा लढा आज तितकाच दीर्घ झाला आहे; त्याचे 'जेव्हा माणूस जागा होतो' अजून लिहिले जायचे आहे.

कोणी म्हणेल, बंदराचे भूमिपूजन झाले, आता लिहून काय उपयोग? इसापूरच्या पाण्याकडे पाहताना आमच्याही मनात हा विचार येतो. पण त्या पाण्याखालच्या शेतांची नावे निदान जुन्या सातबाऱ्यांवर वाचता येतात. वाढवणच्या समुद्रातल्या जागांची नावे केवळ नाखवांच्या तोंडी आहेत. ती त्यांच्याकडून ऐकून कागदावर उतरवण्याचे काम न्यायालयाचे नाही आणि मंत्रालयाचेही नाही. ते आपल्यासारख्या, भाषेवर उपजीविका करणाऱ्यांचे आहे, आणि त्याला आधीच उशीर झाला आहे.