आरंभीच्या अमेरिकी समूहगीतांची वाद्यवृंदरचना

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यू इंग्लंडमध्ये रचलेल्या चार आवाजांच्या धार्मिक व देशभक्तिपर समूहगीतांचे वाद्यवृंदासाठी केलेले रूपांतर म्हणजे ही वाद्यवृंदरचना होय. मूळ गीते बहुधा वाद्यांच्या साथीवाचून गायिली जात. काही चर्चमध्ये खालच्या आवाजाला आधार म्हणून सेलोसारखे एखादे तंतुवाद्य असे.

या परंपरेतील अग्रगण्य रचनाकार विल्यम बिलिंग्ज (१७४६–१८००) हे बॉस्टनमध्ये कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. १७७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द न्यू इंग्लंड साम-सिंगर’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी रचनाकाराने आपले नियम आपणच ठरवावेत, अशा आशयाचे मत मांडले. त्यांच्या स्वरमेळात गंधार वगळून केवळ षड्ज-पंचम ठेवलेले रिकामे मेळ वारंवार येतात. लोवेल मेसन यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातील सुधारकांना असा स्वरमेळ अशास्त्रीय वाटला व त्यांनी युरोपीय वळणाच्या रचना रूढ केल्या. ही गीते वाद्यवृंदात आणणाऱ्यापुढेही तोच प्रश्न उभा राहतो. रिकाम्या जागी गंधार भरल्यास रचना गोड होते. मात्र तिचा खडबडीत बाणा नाहीसा होतो.

रूपांतरातील अडचणी

मुख्य चाल सर्वांत वरच्या आवाजात नसून टेनरमध्ये असते. स्त्रियाही ती एक सप्तक वर गात असल्याने गायनात ती झाकली जात नाही. वरचा आवाज व्हायोलिनला आणि टेनर व्हायोलाला असे सरळ वाटप केल्यास मात्र श्रोत्याला दुय्यम ओळच चाल वाटते. म्हणून टेनरची ओळ दोन सप्तकांत दुहेरी वाजवणे किंवा बसून, हॉर्न अशा वेगळ्या नादाच्या वाद्याकडे देणे सोयीचे ठरते. ‘फ्यूगिंग ट्यून’ या प्रकारात आवाज एकामागून एक प्रवेश करतात. तेथे शब्द नसल्यामुळे प्रत्येक प्रवेश नादभेदानेच ओळखू यावा लागतो. अशा वेळी मोजक्या वादकांचा लहान वाद्यवृंद मोठ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

उल्लेखनीय रचना

विल्यम शूमन यांची ‘न्यू इंग्लंड ट्रिप्टिक’ (१९५६) ही बिलिंग्ज यांच्या तीन गीतांवर आधारलेली रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी आहे. तिच्या मधल्या भागाची सुरुवात ढोलाच्या साथीने एकट्या बसूनने होते. हेन्री कॉवेल यांनी चाली उसन्या न घेता केवळ शैली स्वीकारून ‘हिम अँड फ्यूगिंग ट्यून’ ही मालिका लिहिली. तिच्यातील दहावी रचना ओबो व तंतुवाद्यांसाठी आहे.

जॉन केज यांचा ‘क्वार्टेट्स १–८’ (१९७६) मधील मार्ग सर्वस्वी निराळा आहे. त्यांनी बिलिंग्ज आदींच्या गीतांत काहीही न भरता, उलट संयोगाधारित पद्धतीने अनेक स्वर गाळले व उरलेले स्वर लांबवले. चोवीस वादकांसाठीही उपलब्ध असलेल्या या रचनेत एका वेळी केवळ चारच वादक वाजवतात.